स्टेनलेस बॅरलवरचे तपकिरी ठिपके

जुलै २०२४च्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या .२२ रायफलचा बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, बंद होताना शेवटच्या टप्प्यावर किंचित अडू लागला. ते अडणे इतके सौम्य होते की दुसऱ्या कोणाच्या लक्षातही आले नसते. पण जी रायफल मी सहा वर्षे खांद्याला लावत आले आहे, तिच्या बोल्टची मूठ खाली दाबायला तळहाताचा किती जोर लागतो हे मला नेमके ठाऊक आहे, आणि तो जोर वाढला होता. त्याच सुमारास पुण्यातल्या बालेवाडीच्या रेंजवर माझे प्रोनचे, म्हणजे पालथे पडून केलेल्या नेमबाजीचे, गुण घसरू लागले. साठ शॉटमध्ये (एका शॉटला जास्तीत जास्त १०.९) ६१२च्या आसपास असणारी मी ६०५वर आले. गुण कमी होण्यापेक्षा ते कसे कमी होत आहेत, याची मला अधिक काळजी वाटत होती. आठ-नऊ गोळ्या नीट दहाच्या वर्तुळात पडत आणि मग एखादी, श्वास, नेम आणि ट्रिगर सगळे जुळून आलेले असताना, अकारण बाहेर फेकली जाई. पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातले दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते, आणि गोळी स्वतःच ५.६ मिलिमीटरची असते. तिथे कारण न देता भरकटणारी एक गोळी पुढच्या दहा गोळ्यांवरचा विश्वास घालवते.

मी आधी स्वतःकडेच पाहिले. रायफल हाताला बांधणाऱ्या पट्ट्याची, स्लिंगची लांबी तपासली, जॅकेटची बटणे, गालाची टेक, रायफलच्या दांड्याचे स्क्रू ठरलेल्या ताणाला घट्ट आहेत की नाहीत हे पाहिले. मग काडतुसांचा लॉट बदलून पाहिला. फरक पडला नाही. तेव्हा आमच्या प्रशिक्षक सरांनी शांतपणे विचारले, "शेवटची साफसफाई कधी केली होतीस?" पॅच म्हणजे सळईने नळीतून सारायचा कापडाचा तुकडा. मी म्हणाले, "सर, पॅच तर दर आठवड्याला मारते." त्यावर ते म्हणाले, "पॅच मारणं वेगळं आणि बॅरल साफ होणं वेगळं. पुढच्या वेळी बोल्ट काढून दाखव."

त्यांच्याकडे बोअरस्कोप आहे. नळीत घालायची ती बारीक कॅमेऱ्याची सळई चेंबरमधून, म्हणजे काडतूस बसते त्या मागच्या पोकळीतून, आत सरकवली आणि समोरच्या पडद्यावर माझ्या रायफलचे पोट उघडे पडले. पुढचा सगळा भाग समाधानकारक होता. रायफलिंगचे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या पेचाचे, उंचवटे आणि खोबणी स्वच्छ दिसत होती, एका कडेला शिशाची एक पुसटशी रेघ होती, पण तेवढे चालण्यासारखे होते. चेंबर जिथे संपतो आणि रायफलिंग जिथे सुरू होते, त्या अर्ध्या सेंटिमीटरच्या पट्ट्यात मात्र काळे, खडबडीत, काचेसारखे चमकणारे कडे जमले होते. खालच्या अंगाला ते जाड होते आणि वरच्या अंगाला पातळ. दर आठवड्याला मी आत सारत असलेले पॅच त्या कड्यावरून अलगद घसरून पुढची स्वच्छ नळी पुन्हा पुन्हा पुसत होते.

हे कडे .२२च्या बॅरलमध्येच का एवढे त्रास देते, हे समजून घेतल्याशिवाय साफसफाई नीट होत नाही, असे माझे आता ठाम मत झाले आहे. या काडतुसाला मध्यभागी, पिन आदळून पेटणारी टोपी नसते. स्फोटक मिश्रण तळाच्या कडेत भरलेले असते आणि त्यात पारंपरिक पद्धतीने शिशाच्या संयुगासोबत बारीक कुटलेली काच असते, कारण कडेवर पिन आदळली की घर्षणाने ठिणगी पडावी लागते. त्यात जळलेल्या दारूचा कार्बन आणि गोळीवरचे मेणासारखे वंगण मिसळते. प्रत्येक शॉटला हे मिश्रण अतितप्त अवस्थेत त्याच जागी आदळते, बसते आणि भाजले जाते. स्पर्धेच्या रायफलचा चेंबर इतका घट्ट कापलेला असतो की काडतूस आत बसतानाच गोळीच्या अंगावर रायफलिंगच्या खुणा उमटतात. त्यामुळे त्या जागी कार्बनचा थर साचला की गोळी बसायला जागा कमी पडते, बोल्ट अडतो आणि मऊ शिशाची गोळी निघण्यापूर्वीच एका अंगाने ओरखडली जाते. माझ्या तळहाताला जाणवलेला जोर आणि लक्ष्यावरून भरकटलेली गोळी, या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच होते.

एवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ झाले असते. पण सरांनी नळीच्या तोंडाजवळ बसवलेले वजनाचे कडे सैल करून बाजूला सरकवले, आणि त्याखाली चांदीसारख्या पृष्ठभागावर चार-पाच तपकिरी ठिपके दिसले. बोटाने पुसल्यावर ते जाईनात. नखाला त्यातल्या दोन जागी बारीक खड्डा लागला.

मला मनापासून वाईट वाटले. ही रायफल मी २०१८ साली एका ज्येष्ठ नेमबाजाकडून, परवान्यावर रीतसर नोंद करून घेतली, ती प्रामुख्याने बॅरल स्टेनलेस आहे म्हणूनच. मी पनवेलला राहते. खाडीची हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि शनिवार-रविवारी खंडाळ्याचा घाट चढून पुण्याला जाणे, यात माझ्या आधीच्या काळ्या पॉलिशच्या बॅरलला दर पावसाळ्यात गंज धरत असे. स्टेनलेस घेतले म्हणजे हा प्रश्न मिटला, अशी माझी समजूत होती. ती चूक माझी होती, आणि ती कशी चूक होती हे नीट सांगणे मला आवश्यक वाटते, कारण आमच्या रेंजवर असे समजणारी मी एकटीच नाही.

स्टेनलेस पोलाद गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळे. क्रोमियमचा हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर डोळ्यांना न दिसणारा एक पातळ थर तयार होतो, आणि तो थर ओरखडला तरी प्राणवायू मिळाला की पुन्हा जुळून येतो. आपल्या स्वयंपाकघरातल्या चांगल्या भांड्यांवर १८/८ असे कोरलेले असते. म्हणजे त्यात सुमारे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते. बॅरलसाठी मात्र हे पोलाद चालत नाही, कारण ते उष्णतेने कडक करता येत नाही आणि त्यात इतके लांब व सरळ छिद्र पाडणे कठीण जाते. स्पर्धेच्या स्टेनलेस बॅरल बहुधा ४१६ या जातीच्या पोलादाच्या असतात. त्यात क्रोमियम बारा ते चौदा टक्केच असते, निकेल जवळजवळ नसते, आणि हत्यार सहज चालावे म्हणून मुद्दाम गंधक घातलेले असते. फरक ओळखायला घरातला लोहचुंबक पुरतो. आई भांडी घेताना दुकानात चुंबक लावून पाहायची आणि चिकटले की ते भांडे बाजूला ठेवायची. माझ्या बॅरलला तो चुंबक घट्ट चिकटतो. गंधकाचे जे सूक्ष्म कण पोलादात विखुरलेले असतात, तिथेच मिठाचा मारा पहिल्यांदा लागू पडतो आणि खड्डा पडायला सुरुवात होते. घामात मीठ असते. वजनाच्या कड्याखाली घाम आणि पावसाळी दमटपणा अडकला, तिथे हवा खेळली नाही, म्हणून संरक्षक थर पुन्हा जुळू शकला नाही, आणि उघड्या बॅरलवर काहीही झालेले नसताना झाकलेल्या जागी गंज धरला.

त्या रात्री मी वडिलांना फोन केला. ते १९६३ साली बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात भरती झाले आणि त्यांचे पहिले शिक्षण .३०३ रायफलवर झाले. त्यांच्या बोलण्यात पुल-थ्रू आणि चिंधी हे शब्द अजून आहेत. चार इंच बाय दोन इंचाची चिंधी दोरीच्या फासात घालून नळीतून ओढायची. ते म्हणाले, "आम्ही फायरिंग झालं की त्याच दिवशी उकळतं पाणी ओतायचो नळीत. तू ओतलंस का?" मी त्यांना समजावून सांगितले की त्या काळच्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनातून नळीत क्षार उरत असे, तो तेलात विरघळत नसे आणि पाण्यातच विरघळत असे, म्हणून ते उकळते पाणी शास्त्रशुद्ध होते, पण आमच्या काडतुसांत तो क्षार नसतो. ते क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मग त्याच दिवशी साफ करायची सवय तरी सोडू नकोस." हे वाक्य मी वहीत लिहून ठेवले.

साफसफाईला मी तीन संध्याकाळी दिल्या. घाई करायची नाही, हे आधीच ठरवले होते, कारण बॅरल गोळ्यांनी जितकी खराब होते त्याहून अधिक चुकीच्या सळईने खराब होते असे सर सांगत आले आहेत आणि बोअरस्कोपमध्ये मी इतरांच्या नळ्यांत ते पाहिलेही आहे. काडतुसांचा डबा दुसऱ्या खोलीत कपाटात बंद केला, बोल्ट काढला, चेंबर डोळ्यांनी आणि मग करंगळीने तपासला. जेवणाचे टेबल मी या कामाला कधीही वापरत नाही. काजळीत शिसे असते आणि घरात माझा नऊ वर्षांचा मुलगा आहे. बाल्कनीलगतच्या खोलीत जुने स्टूल, त्यावर वर्तमानपत्र, खिडकी उघडी, हातात नायट्राइलचे मोजे, अशी मांडणी केली. रायफल स्टँडवर ठेवताना तोंड किंचित खाली राहील असे पाहिले, म्हणजे सॉल्व्हंट मागे ओघळून ट्रिगरमध्ये जात नाही.

बोल्टच्या जागी बोअर गाइड बसवला. ही एक पोकळ नळी असते. तिच्या पुढच्या टोकाची रबरी कडी चेंबर बंद करते आणि सळई मध्यभागी ठेवते. पूर्वी मी हा वापरत नव्हते आणि त्याशिवाय सळई वाकून थेट रायफलिंगच्या सुरुवातीच्या कडांवर घासते, हे मला ठाऊक नव्हते. सळई एकसंध, आवरण चढवलेली आणि फिरत्या मुठीची हवी, म्हणजे पॅच रायफलिंगच्या पेचाबरोबर स्वतः वळतो. माझ्या बॅरलमध्ये गोळी तोंडापर्यंत पोचताना साधारण दीड वेढा घेते. सळईच्या मुठीवर तो दीड वेढा हाताला स्पष्ट जाणवतो, आणि न जाणवला तर पॅच फार सैल आहे असे समजावे. प्रत्येक फेरीआधी सळई कापडाने पुसायची. मऊ आवरणात एक कण जरी रुतला तरी ती सळई कानस बनते.

पहिल्या संध्याकाळी कार्बन विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये भिजवलेले दोन पॅच चेंबरच्या बाजूने पुढे सारले, तोंडातून बाहेर पडताच पॅच काढून घेतला आणि मगच सळई मागे ओढली. नळीच्या तोंडाची कडा, जिला आम्ही क्राऊन म्हणतो, तिला गोळी सर्वांत शेवटी स्पर्शते. तिच्यावरून मळका पॅच उलट ओढला तर वर्षानुवर्षे ती एका बाजूने झिजते. पंधरा मिनिटे थांबून पुन्हा पॅच, मग नमद्याच्या (दाबलेल्या लोकरीच्या) साफसफाईच्या गोळ्या, आणि शेवटी कोरडा पॅच. पहिला काळा आला, तिसरा राखाडी, सहावा जवळजवळ पांढरा. पूर्वी मी इथेच समाधान मानून थांबत असे. या वेळी मला ठाऊक होते की कडे जागेवरच आहे.

दुसरी संध्याकाळ त्या कड्याचीच होती. ब्राँझचा जुना, झिजलेला ब्रश घेतला, त्याभोवती पॅच गुंडाळला, सॉल्व्हंटने भिजवला आणि तो फक्त चेंबरच्या पुढच्या त्या अर्ध्या सेंटिमीटरवर ठेवून सळई हाताने गोल फिरवली. ब्रश नळीत मागेपुढे करायचा नाही. केस उलटे होऊन अडकतात. दहा फेरे, मग वीस मिनिटे भिजत ठेवणे, मग पुन्हा दहा फेरे, असे चार वेळा केले. दुसऱ्या वेळेनंतर पॅचवर काळे नुसते डाग न येता कोळशाच्या भुकटीसारखे कण येऊ लागले, तेव्हा मला खरी आशा वाटली. खरखरीत पेस्ट वापरण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता. मी ती वापरली नाही, कारण ती कार्बन आणि पोलाद यांत फरक करत नाही. तांब्याचा थर काढणारे अमोनियाचे सॉल्व्हंटही मी हातात घेतले नाही. आमची गोळी निव्वळ शिशाची असते, तिच्यावर तांब्याचे कवच नसते, मग काढायचे तांबे आहेच कुठे? शिवाय अमोनिया ब्राँझच्या ब्रशलाच विरघळवतो आणि पॅच निळा-हिरवा येतो, त्यामुळे नळीत तांबे आहे असा भ्रम होऊन माणूस घासतच राहतो.

तिसऱ्या संध्याकाळी आधी बोअरस्कोप सरांकडून आणून पाहिले. वरचे कडे गेले होते. खाली, घड्याळातल्या सहाच्या जागी, नखाच्या कोरीएवढा पट्टा उरला होता. त्यासाठी आणखी दोन वेळा तीच कृती केली आणि चेंबरचा तो भाग प्रथमच पोलादासारखा दिसला. मग नळी कोरड्या पॅचने पुसून काढली, बोल्टचे तोंड व रिकामे काडतूस ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरची नखी दातांच्या जुन्या ब्रशने स्वच्छ केली, आणि बाहेरच्या ठिपक्यांकडे वळले.

इथे माझ्या हातून मोठी चूक होता होता राहिली. मी भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी उचलली होती. सरांना फोटो पाठवला आणि त्यांचा लगेच फोन आला, "ती खाली ठेव आधी." साध्या लोखंडी तारेचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि ते स्वतः गंजून आणखी ठिपके तयार करतात. त्याऐवजी ब्राँझची मऊ लोकर आणि पातळ तेल घेऊन मी बॅरलच्या लांबीच्या दिशेने, अगदी हलक्या हाताने तासभर घासले. तपकिरी रंग गेला. दोन बारीक खड्डे राहिले आणि ते राहणार आहेत. ते बाहेरच्या अंगाला असल्याने नेमावर परिणाम करत नाहीत, पण वजनाचे कडे सरकवले की माझी नजर आधी तिथेच जाते. नंतर पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने उरलेले मीठ पुसले, केस वाळवण्याच्या यंत्राच्या कोमट हवेने वाळवले आणि तेलाचा पातळ हात दिला.

तिसरी संध्याकाळ १ ऑगस्टची होती. त्याच दिवशी दुपारी फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून) ४५१.४ गुणांनी ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळवले होते. तो बालेवाडीच्या ज्या रेंजवर घडला, तिथेच मी माझी मळकी बॅरल घेऊन जात होते. त्या संध्याकाळी प्रत्येक पॅच मी जरा अधिक काळजीने कापला, हे मला मोकळेपणाने सांगावेसे वाटते.

पुढच्या शनिवारी रेंजवर पहिले दहा शॉट विखुरले. मला ते अपेक्षित होते, कारण धुतलेल्या नळीवर गोळीचे वंगण पुन्हा समान पसरावे लागते. माझ्या बॅरलला त्यासाठी साधारण पंचवीस शॉट लागतात असे मी आता मोजून ठेवले आहे. काडतुसाचा ब्रँड बदलला की वंगण बदलते, मग हे मोजमाप पुन्हा करावे लागते. तिसाव्या शॉटनंतर ग्रुप आवळला, म्हणजे गोळ्या एकमेकींच्या जवळ पडू लागल्या. बोल्ट पूर्वीसारखा एका बोटाने बंद होत होता. त्या दिवशी ६१०.८ झाले, आणि भरकटलेली गोळी एकही नव्हती.

त्यानंतरची माझी पद्धत फार गुंतागुंतीची नाही, पण मी ती मोडत नाही. रेंजवरून निघण्यापूर्वी, बॅरल कोमट असतानाच, सॉल्व्हंटची एक आणि कोरड्या दोन नमद्याच्या गोळ्या सारते. बॅरलला हात लागला असेल तर ती जागा पुसते. वजनाचे कडे दर आठवड्याला काढून त्याखाली तेलाचे बोट फिरवते. रायफल फक्त प्रवासापुरतीच फोमच्या पेटीत असते. फोम ओलावा धरून ठेवतो, म्हणून घरी आल्यावर ती बाहेर काढून कुलपाच्या लोखंडी कपाटात, तोंड खाली करून ठेवते आणि कपाटात सिलिका जेलच्या दोन पिशव्या असतात. जेलचा रंग बदलला की ते कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरते; त्यासाठी एक कढई कायमची वेगळी काढली आहे. स्पर्धेच्या ठिकाणी एसीच्या खोलीतून बाहेरच्या दमट हवेत पेटी लगेच उघडत नाही, अर्धा तास तशीच ठेवते, नाहीतर थंड पोलादावर दव धरते. पावसाळ्यात नळीतही तेलाचा पातळ पॅच फिरवून ठेवते आणि नेमबाजीपूर्वी दोन कोरडे पॅच मारून ते पूर्ण काढते, कारण नळीत तेल राहिले तर पहिल्या गोळ्या कुठेही जातात.

दर पाचशे शॉटनंतर मात्र गुंडाळलेला ब्रश आणि चेंबरपुढचा तो अर्धा सेंटिमीटर. वहीत प्रत्येक सरावाच्या शॉटची बेरीज लिहिते. काल रात्रीचा आकडा ४६० आहे, आणि शनिवारच्या सरावानंतर बोअर गाइड पुन्हा बाहेर काढावा लागेल.